बाहेरून धुतलेली सहा पिंपं

मी अंबरनाथला जाऊन आले म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, शिवमंदिर बघितलंस का? नाही बघितलं. मंदिराकडे वळणाऱ्या रस्त्याची पाटी दोनदा दिसली, आणि दोन्ही वेळा मी गाडीच्या काचेला नाक लावून रस्त्याकडेची निळी प्लास्टिकची पिंपं बघत होते. त्या मुलखात निळी पिंपं कुठे नाहीत! चाळीच्या दारात, चायनीजच्या गाडीमागे, बांधकामावर, गच्चीवर, गोठ्यात. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की पिंप हे घरातलं माणूसच होऊन बसतं. तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलात तर मंदिर अवश्य बघा. मी सांगणार आहे ते वेगळंच आहे.

मिरजेच्या एका कारखान्यात मालाची ने-आण माझ्याकडे आहे. शेतात फवारायच्या कीटकनाशकाचा घट्ट अर्क आम्ही बनवतो. तो पिंपांत भरून अंबरनाथजवळच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात जातो, तिथे पातळ होऊन बाटल्यांत भरला जातो आणि बाटल्या गावोगावच्या दुकानांत जातात. माल पुढे जात असतो तोवर त्याच्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. ट्रक कुठे पोचला म्हणून दर तासाला फोन होतात. पिंप रिकामं झालं की त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती त्या रिकाम्या पिंपाची. तळाला वाटी-दोन वाट्या अर्क राहतोच. तो कातडीला लागला, त्याचा वास छातीत भरला, तरी धडधाकट माणूस आडवा होतो. म्हणून आमची रिकामी पिंपं भंगारात जात नाहीत. ती चिरडून जाळायला न्यायची एक नेमलेली गाडी आहे.

घरात मला भित्री भागूबाई म्हणतात. गॅस बंद केला का हे बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत येते, आणि नवरा खाली स्कूटरवर बसून हॉर्न वाजवत राहतो. या स्वभावापायी मी आमच्या प्रत्येक पिंपाला, तळापासून वीतभर वर, तापलेल्या सळईने तीन डाग द्यायला लावले. लेबल निघतं, रंग उडतो, डाग जात नाही. त्या वेळी कारखान्यात सगळे हसले होते.

उन्हाळा लागत होता, होळी तोंडावर आली होती, तेव्हा फोन आला. चिरडायच्या गाडीत सहा पिंपं कमी भरली होती. पोळ्या अर्धवट टाकून मी बॅग भरली.

आनंदनगर

कारखान्याच्या फाटकाला केळीचे खुंट अजून बांधलेले होते, वाळून तपकिरी झालेले. पंधरवड्यापूर्वी तिथे सत्यनारायणाची पूजा झाली होती. आमच्याकडे कारखान्यातली मोठी पूजा खंडेनवमीची. यंत्रांना हार घातले आणि पेढा खाल्ला की संपलं. इथे सत्यनारायण म्हणजे घरचं कार्य. कामगार बायकामुलांना घेऊन येतात, मालक जोडीने पूजेला बसतो, शेकडो पानं उठतात.

मॅनेजर साहेबांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, एवढं काय टेन्शन घेता? सहाच तर आहेत."

"सहा पिंपं म्हणू नका. सहा घरं म्हणा," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. साहेबांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले.

मागच्या आवाराचं सगळं भोईर बघतो. बारा वर्षं आम्ही फोनवर बोलतो आहोत, पण एकमेकांना कधी बघितलेलं नाही. दर वर्षी तो आमच्या ट्रकवाल्याबरोबर मला सुक्या बोंबलांचा डबा पाठवतो, मी त्याला सांगलीची हळद पाठवते. यंदा जरा जास्तच पाठवली होती, कारण त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्याच लग्नासाठी तो रजेवर होता. मी फोन लावला.

"मॅडम! आनंदनगरला आलात? बरा झाला! उद्या आमचे घरा चामटोलीला हलद हाय पोरीची. यायलाच लागंल. तुमचीच हलद लावनार तिला."

मी त्याला पिंपांचं विचारलं.

"कमी कशी भरतील? पूजेच्या आदी मीच सगली धुवून घेतली. चकाचक! त्या कवटीच्या चिठ्ठ्या पन खरवडून काढल्या. देवासमोर कवटी बरी दिसते का, तुमीच सांगा. लोक पोराबाळांना घेऊन जेवाला येनार."

मी खुर्चीवर बसले. "भोईर, मग ठेवली कुठे?"

"मागच्या भितीला. साबनाच्या तेलाची रिकामी पिंपं हायत ना, त्यांचे बाजूला..." अर्क पाण्यात मिसळावा म्हणून घालतात त्या साबणाच्या तेलाची पिंपं भंगारवाल्याची गाडी नेते. पिंपं तीच निळी, त्याच मापाची. एकावरची कवटी काढली की दुसऱ्यापासून ओळखायची कशी? "मंग लछूशेठच्या गाडीत गेली असतील," तो हळू आवाजात म्हणाला. "पन मॅडम, धुतलेली हायत. काय व्हनार नाय."

"आतून धुतली का?"

पलीकडे कोणीतरी त्याला मांडवाच्या बांबूंबद्दल विचारत होतं. "मॅडम, आलोच," म्हणाला, आणि फोन कटला. नंतर तो लागला नाही.

त्याची चूक मला समजत होती आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. आळसाने केलेली चूक शोधता येते. ही चूक भक्तिभावाने, कंबर कसून, घासूनपुसून केलेली होती.

संध्याकाळपर्यंत भंगारवाल्या लछूशेठचं गोदाम बंदच होतं. लॉजवर गेले तर न्हाणीघरात निळं पिंप. मी मोबाईलचा उजेड पाडून गुडघ्यांवर बसले आणि तळाकडे सगळीकडून हात फिरवला. डाग नव्हते. तरी सकाळी मी अंघोळ केली नाही. बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलं आणि निघाले.

कॅम्प, उल्हासनगर

उल्हासनगर फाळणीनंतरच्या निर्वासित छावण्यांतून वाढलं, म्हणून तिथे पत्ता विचारला की आधी विचारतात, कॅम्प कितवा? मुंबईहून येणाऱ्यांना याची सवय असेल, मला नव्हती. माझ्याबरोबर कारखान्याचा ड्रायव्हर रफिक होता म्हणून निभावलं. एका गल्लीत नुसत्या जीन्स लटकत होत्या, पुढच्या गल्लीत फर्निचर, आणि त्याच्या पुढे एकदम निळी भिंत आली. जवळ गेल्यावर कळलं, ती पिंपांची चळत आहे. दोन मजले उंच.

लछूशेठ पांढऱ्या कपड्यांतला, साठीचा, गोड बोलणारा माणूस. "आवो अदी, बैठो," म्हणाला. अदी म्हणजे सिंधीत बहीण. मी काही बोलायच्या आत समोर दाल-पकवान आलं. ताटलीएवढी कडक तळलेली पुरी, वर घट्ट डाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. एरवी मी दोन खाल्ली असती. आमच्याकडे सकाळी पोहे, फार तर मिसळ. त्या दिवशी एक तुकडा मोडला आणि घास तोंडात फिरत राहिला.

बाजूला एक कामगार करवतीने पिंपाचं तोंड कापत होता. आमच्या पिंपाला वर लहान भोक असतं, त्यात हात जात नाही. इथे वरचा सगळा भाग कापून काढतात म्हणजे पाणी भरायला सोपं. "आत काही राहिलेलं असतं ते बघता का?" मी विचारलं. "सांडतो ना," तो म्हणाला. "तलाचा चिकटलेला थोडा ऱ्हातो. गिराक धुवून घेतो." मी त्याच्या जवळ जाऊन त्याच्या डोळ्यांत निरखून बघितलं. तो लाजला आणि त्याने करवत खाली ठेवली. त्याचे डोळे ठीक होते. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे होते.

मी लछूशेठला तीन डागांपासून सगळं सांगितलं. त्या अर्काने माणसाला घाम सुटतो, तोंडाला लाळ येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, आणि बुबुळातली काळी बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते. मग श्वास अडकतो. वेळेवर दवाखान्यात नेलं तर औषध आहे.

त्याचा चेहरा उतरला. "दो ड्रम खरवईच्या सोसायटीत गेला. पक्का. बाकी..." त्याने पंख्याकडे बघितलं. "बाकी छुट्टा गिराक आला, घेऊन गेला. किधर गया, अपने को क्या मालूम?"

"आठवा ना शेठ. टेम्पोत नेली? रिक्षात?"

"अदी, रोज कितना माल जाता है." माझ्याकडे न बघताच तो बोलत होता. चार पिंपं. मला तिथेच रडू यायचं बाकी राहिलं होतं. पण खरवईचा पत्ता हातात होता, तो घेऊन मी उठले.

खरवई

बदलापूरच्या कडेला खरवई. एका बाजूला अजून भाताची मोकळी शेतं आणि दुसऱ्या बाजूला वीस-वीस मजल्यांच्या नव्या इमारती, त्यांच्या फाटकांवर इंग्रजी नावं. पाणी मात्र टँकरचं. सोसायटीच्या आवारात शिरलो तर जिन्याजवळच्या उन्हात दोन निळी पिंपं उपडी घातलेली. त्यांच्या तळांवर स्वच्छ धुतलेलं धोतर पसरलेलं आणि धोतरावर साबुदाण्याच्या पापड्या वाळत होत्या.

पिंप उपडं असल्यामुळे डाग वरच्या बाजूला आले होते. तीन. दुसऱ्यालाही तीन. मी दुसरं काही बोलायच्या आधी धोतराची चार टोकं गोळा केली आणि पापड्यांसकट कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"अहो बाई! अहो, वेड लागलंय का?" पहिल्या मजल्यावरून एक काकू चपला न घालता धावत आल्या. "सकाळपासून घातल्यात मी! कोण तुम्ही? वॉचमन! वॉचमन!"

मी सांगू लागले, पण धाप लागलेली आणि बोलणं तुटक, त्यामुळे त्यांना मी खरंच वेडी वाटले असणार. रफिकने मध्ये पडून सांगितलं, "काकू, औषधाचा ड्रम आहे हा. झुरळ मारायच्या औषधाच्या शंभरपट कडक." काकूंनी स्वतःच्या दोन्ही तळहातांकडे बघितलं.

"आम्ही रंगासाठी आणलीत हो," त्या म्हणाल्या. "मुलांसाठी. होळीच्या दुसऱ्या दिवशी यात रंग भरणार, नि मुलं आत उतरून खेळतात..."

आमच्याकडे रंग खेळतात पंचमीला, आणि तोही बादलीने. इथे मुलं पिंपात उतरतात. मी डोळे मिटले तर ती मुलं दिसू लागली, म्हणून पुन्हा मिटलेच नाहीत. काकूंचे हात साबणाने तीनदा धुवायला लावले, डोळे बघितले. आतून अजून कोणी पिंपांना हात लावला नव्हता. साहेबांना फोन करून गाडी मागवली. वॉचमनला पिंपांशेजारी खुर्ची टाकून बसवलं. काकूंनी मला बाटलीबंद पाणी आणून दिलं आणि पाठीवरून हात फिरवला. "पापड्या काय, पुन्हा घालता येतील," म्हणाल्या.

दोन सापडली होती. उरलेल्या चारांचा माग लागत नव्हता. मी त्या जिन्यावर बसले आणि डोक्यात गणित सुरू झालं. एका घरात पाच माणसं धरली तर... तेवढ्यात फोन वाजला. लछूशेठ होता.

"अदी, मैं झूठ बोला." त्याचा आवाज सकाळचा नव्हता. "चार ड्रम भोईर साहबको दिया. उनकी बेटीकी शादी है, पानी भरनेके लिए. पैसा नहीं लिया. वो अपनेको माल देता है, तो अपनने शादीका हाथभार लगाया. तू हेड ऑफिससे आई, मेरेको लगा जहरकी बात बहाना है, भोईर साहबपे कमिशनका लफडा होगा, उसकी नोकरी जाएगी. इसलिए छुपाया. पूरे गोदाममें वोही चार सबसे साफ, चमकनेवाले थे, अदी. छांटके दिया."

पूजेसाठी घासून चमकवली म्हणून ती उजवी ठरली होती. भोईरची नोकरी वाचवायला तो खोटं बोलला होता, आणि सकाळचे तेच दोन-तीन तास आता माझ्या हातात नव्हते. मी भोईरला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. रफिकने गाडी वळवली तेव्हा मी मोठ्याने रामरक्षा म्हणत होते, आणि मधल्या ओळी विसरत होते.

चामटोली

गावात शिरताना बॅन्जोचा आवाज आधी आला, मांडव नंतर दिसला. भोईरला फोन ऐकू येणं शक्यच नव्हतं. दारात उंबराची फांदी बांधलेली मुहूर्तमेढ, एका अंगाला चुलाणावर मटण शिजत होतं, बायका तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. मांडवाच्या मधोमध पाटावर मुलगी बसलेली, पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या. शेजारी एक म्हातारी एकाच संथ चालीत गात होती. ती धवलारीण. आगरी लग्नात भटजी दुसऱ्या दिवशी येतात, आदल्या दिवशीचं सगळं हीच गाऊन लावते. तिचं गाणं संपेपर्यंत नवरीला हळद लावून अंघोळ घालायची नसते. आणि पाटामागे झेंडूच्या माळा घातलेली चार निळी पिंपं, काठोकाठ भरलेली.

मी गर्दीतून वाट काढत गेले आणि पिंपाच्या तळाशी गुडघ्यांवर बसले. माळ वर केली. तीन डाग. शेजारच्याला तीन. लोकांना वाटलं, पाहुणी पाण्याला नमस्कार करते आहे. एका बाईने वाकून माझ्या कपाळाला हळद लावली.

"भोईर कुठे आहेत?" मी ओरडले. बॅन्जोमुळे मला माझाच आवाज ऐकू आला नाही. मग रफिकने बॅन्जोवाल्याच्या वायरीच काढल्या.

एकदम शांतता झाली आणि सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली. मांडवाच्या टोकाकडून एक बुटका, गोल चेहऱ्याचा माणूस हसत पुढे आला, अंगावर नवा झब्बा. बारा वर्षांचा आवाज असलेला माणूस. "मॅडम! आलात!"

"भोईर, ही आपली पिंपं आहेत."

तो हसतच राहिला. कळायला वेळ लागला. "नाय मॅडम, ही लछूशेठनी धाडलीत. त्याच्याकडं शेकड्यानी..." मी माळ उचलून दाखवली. त्याने डाग बघितले. ते ओळखत नसलेला एकही माणूस त्या कारखान्यात नाही.

"पन आमी धुतली होती," तो म्हणाला.

"कुठून?"

"बाहेरनं." एवढं बोलून तो तिथेच मातीत बसला. मग एकदम उठला आणि जवळचं पिंप दोन्ही हातांनी ढकलायला धावला.

"सांडू नका! सगळे अनवाणी आहेत!" मी त्याचा झब्बा धरला. काय करावं ते माणसांना कळेना. तेव्हा ती धवलारीण उठली. "बायांनो, मागं सरा," म्हणाली. "पोरीला उचला पाटावरनं. आन् या पान्याला कुनी बोट लावायचा नाय." तिचा शब्द मोडायची कोणाची हिंमत नव्हती. मांडवाचीच दोरी सोडून पिंपांभोवती बांधली गेली.

मी नवरीची हनुवटी धरून तिचे डोळे बघितले. ठीक. आचाऱ्यांचे बघितले. स्वयंपाकाचं पाणी टँकरच्या काळ्या टाकीतून घेतलेलं होतं. भाकरीवाल्या बायका, पाणी वाढणारी माणसं, सगळ्यांचे डोळे ठीक होते. हळदीने पिवळे झालेले चेहरे एकामागून एक माझ्यासमोर येत होते. "कोणी प्यालं का हे पाणी? कोणी हात घातला होता?"

"पियाला कोन? ह्ये नवरीच्या आंगोलीचा पानी हाय," एक बाई म्हणाली. "आमचे घरा नवरीच्या आंगोलीचा पानी तिचे आयनीच भरायचा असते. दुसऱ्यानी नाय."

"आई कुठे आहे?"

"यमुना? ती सकालधरना रडते गो. पोटची पोर चाललीय."

घराच्या ओट्यावर भिंतीला टेकून एक बाई बसली होती. नवी कोरी हिरवी साडी. दोघी बहिणी तिला वारा घालत होत्या आणि समजावत होत्या. तिच्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या. नाक वाहत होतं. पदराने ती सारखं तोंड पुसत होती. मीही क्षणभर आईचं रडणं बघावं तशीच बघत राहिले. मग माझ्या लक्षात आलं की तिचा हुंदका ऐकू येत नाही. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, गोंधळ होता. ती पुसत होती ती लाळ होती.

मी जवळ बसून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. बाहुल्या जवळजवळ नव्हत्याच. दोन बारीक ठिपके.

"मना काय झाला गो बाय?" ती म्हणाली. "मी नाय रडत. कवाचं सांगते, मी नाय रडत. डोले आपोआप गलतात. कोन ऐकतच नाय."

सकाळी पिंपांना वास येत होता म्हणून ती एकेका पिंपात कमरेपर्यंत वाकली होती, आणि काथ्या नि राख घेऊन आतून घासली होती. चारही. मुलीच्या अंगाला वास लागू नये म्हणून.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. घरामागे टँकरच्या पाण्याने तिचे हात, मान, केस साबणाने धुतले. ती नवी साडी काढली तेव्हा तिच्या बहिणीने अपशकुन म्हणून हात धरला. धवलारणीने तो सोडवला. बदलापूरपर्यंत ती गाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. छातीत घरघर सुरू झाली होती. पुढे बसलेला भोईर मागे वळून बघत नव्हता. "मी कवटी काढली," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मॅडम, मीच काढली." यमुनाबाईंचा श्वास मोजणं सोडून दुसरं काही माझ्याने होत नव्हतं, आणि दोन श्वासांमध्ये दर वेळी मला वाटायचं, झालं, संपलं.

बदलापूर

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. मी अर्काचं नाव सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि अट्रोपिनची इंजेक्शनं सुरू केली. एक, मग दुसरं, मग सलाईनमधून. बाहेर येऊन म्हणाल्या, "आता उलटं होईल बघा. तोंड, डोळे सगळं कोरडं पडेल. बाहुल्या मोठ्या होतील, जवळचं धूसर दिसेल. घाबरू नका, औषधाचंच आहे ते." भोईरला त्यातलं काय कळलं कोण जाणे. तो भिंतीला पाठ लावून उभा होता, नव्या झब्ब्यावर हळदीचा एक हात उमटलेला.

सकाळी यमुनाबाईंची घरघर थांबली होती. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की लग्नाचा मुहूर्त चुकवायचा नाही. कोणी वाद घातला नाही. चारही पिंपं आणि खरवईची दोन आनंदनगरला त्या नेमलेल्या गाडीत चिरडली गेली, ते बघायला मी गेले. डाग मोजून घेतले, आणि परत दवाखान्यात आले. मिरजेची बस सोडून देऊन मी का आले, ते मला सांगता यायचं नाही. त्या बाईला एकदा डोळे मिटून शांत श्वास घेताना बघितल्याशिवाय मला घरी झोप लागली नसती. आताही फारशी लागत नाही. कोणी समोर पाण्याचा पेला तोंडाला लावला की मी नकळत त्याच्या डोळ्यांत बघते, आणि नवरा म्हणतो, अगं, मी आहे.

दुपारी लग्न लागलं, आणि सासरी जायच्या आधी नवरा-नवरी दवाखान्यात आली. मुलीचं नाव करिश्मा. हातांत हिरवा चुडा, कपाळावर मळवट, आणि रडून रडून काजळ गालांवर आलेलं. भोईर दारातच थांबला. तिने वाकून आईच्या पायांवर डोकं ठेवलं, मग पलंगावर बसून तिच्या गळ्यात पडली.

यमुनाबाईंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्यांच्या बाहुल्या आता मोठ्या, काळ्याभोर झाल्या होत्या. जवळचं त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्या मुलीचं नाक, कपाळ, ओठ बोटांनी चाचपत होत्या. छाती दाटून येत होती, ओठ थरथरत होते, हुंदके बाहेर पडत होते. डोळे मात्र वाळवंटासारखे कोरडे.

"पानीच येत नाय गो," त्या म्हणाल्या. "काल उगाच गेला सगला."

करिश्माने आपल्या शालूचा पदर घेतला आणि आईचे कोरडे गाल पुसले.